एक टायर फुटला, चार का बदलायचे?

नवा कोरा टायर विकत घ्यायचा, दुकानातच तो यंत्रावर चढवून गरगर फिरवायचा आणि धारदार पात्याने त्याचे रबर तासून टाकायचे, असे कोणी केलेले तुम्ही ऐकले आहे का? टायरचे पैसे द्यायचे आणि वर तो झिजवण्याचेही पैसे द्यायचे! ऐकणाऱ्याला हा शुद्ध वेडेपणा वाटेल. पण अमेरिकेत काही टायरविक्रेते हे काम रोज करतात, आणि त्यांच्याकडे येणारी गिऱ्हाइके चांगली हिशोबी असतात.

ही गिऱ्हाइके बहुधा एका विशिष्ट प्रकारच्या मोटारीची मालक असतात. तिचे छप्पर शेवटपर्यंत सरळ गेलेले असते, मागे मोठे दार असते, आत पाच माणसे आणि त्यांचे सामान आरामात मावते. अशा मोटारीला स्टेशन वॅगन म्हणतात. त्यातही इंजिनाची शक्ती दोनच नव्हे, तर चारही चाकांना पोहोचवणारी वॅगन म्हणजे ऑल-व्हील-ड्राइव्ह वॅगन. उत्तर जपान, अमेरिकेतील व्हरमाँट आणि कोलोरॅडो, युरोपातील आल्प्स पर्वताचा परिसर, अशा डोंगराळ व बर्फाळ मुलखांत ही गाडी घरोघरी दिसते. मुलांना शाळेत सोडण्यापासून आठवड्याचा बाजार आणण्यापर्यंत सगळी कामे ती करते.

ही गाडी बाळगायला काय खर्च येतो आणि तिची निगा कशी राखतात, हे आज आपण पाहणार आहोत. हा विषय पैशांचा वाटला, तरी त्याचे मूळ भूमितीत आहे. वर्तुळाचा परीघ काढता येत असेल, तर टायर तासणाऱ्या माणसाचा शहाणपणा तुम्हाला कळेल.

बैलगाडी आणि पेला

प्रथम बैलगाडीचे चाक आठवा. गाडीचा आख जागच्या जागी राहतो आणि दोन्ही चाके त्याच्यावर सुटी फिरतात. गाडी डावीकडे वळली की उजव्या चाकाला लांबचा फेरा पडतो, म्हणून ते जास्त वेळा फिरते. डावे चाक कमी फिरते. दोघांचा एकमेकांशी संबंध नसल्याने तंटा होत नाही.

आता दोन्ही चाके आखाला पक्की जोडली आहेत, अशी कल्पना करा. दोघांना बरोबर सारखेच फेरे घ्यावे लागतील. मग वळताना काय होईल? एक चाक रस्त्यावर घासत जाईल.

याचा उलटा प्रयोग घरी करून पाहा. तोंडाशी रुंद आणि बुडाशी अरुंद असा स्टीलचा पेला घ्या. तो फरशीवर आडवा ठेवून हलकेच ढकला. पेला सरळ जात नाही. गोल वळसा घेतो. कारण तोंडाचा परीघ मोठा व बुडाचा लहान आहे आणि दोन्ही कडा एकाच धातूच्या असल्याने त्यांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. प्रत्येक फेऱ्यात तोंडाची कड जास्त अंतर कापते. अशा पेल्याला सरळ रेषेत न्यायचे म्हटले, तर एखादी कड घासत न्यावी लागेल.

या प्रयोगातली गोष्ट नीट लक्षात ठेवा. वेगवेगळ्या परिघांची चाके एकत्र बांधली, तर सरळ रस्ताही त्यांना वळणासारखा वाटतो. पुढचा सगळा लेख या एका वाक्यावर उभा आहे.

वळणाचे गणित

मोटारीची चाके बैलगाडीसारखी सुटी ठेवून चालत नाही, कारण त्यांना इंजिनाची शक्ती द्यायची असते. पक्की बांधूनही चालत नाही. यावर तोड म्हणून दोन चाकांच्या मध्ये दातेरी चक्रांची एक पेटी बसवतात. तिला डिफरन्शियल म्हणतात. ती दोन्ही चाकांना शक्ती पुरवते, पण एकाने थोडे जास्त व दुसऱ्याने थोडे कमी फिरायला हरकत घेत नाही.

हा फरक केवढा असतो? दोन चाकांतील आडवे अंतर १.५ मीटर धरा. गाडीने पूर्ण वर्तुळ घेतले, तर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा २ × ३.१४ × १.५, म्हणजे सुमारे ९.४ मीटर जास्त चालते. वर्तुळ लहान असो की मोठे, हा फरक तेवढाच राहतो. का, ते तुम्ही कागदावर ताडून पाहा.

पण गोष्ट इथे संपत नाही. वळताना पुढची चाके आणि मागची चाकेही सारखे अंतर चालत नाहीत. सायकल ओल्या वाळूवरून वळवून पाहा. मागचे चाक आतून, जवळच्या वाटेने जाते. आपल्या वॅगनच्या पुढच्या व मागच्या आसांत २.७ मीटर अंतर आहे आणि मागच्या आसाचा मध्य ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो आहे, असे धरू. पायथागोरसच्या सिद्धांताने पुढच्या आसाच्या मध्याची त्रिज्या सुमारे ५.६८ मीटर येते. एका पूर्ण वर्तुळात पुढचा आस सुमारे ३५.७ मीटर आणि मागचा ३१.४ मीटर चालतो. फरक ४.३ मीटर.

दोनच चाकांना शक्ती देणाऱ्या साध्या मोटारीत या फरकाची काळजी नसते. तिची दुसरी दोन चाके बैलगाडीच्या चाकांसारखी सुटीच असतात. पण चारही चाकांना शक्ती द्यायची म्हटली, की पुढचा व मागचा आस एका लांब दांड्याने जोडावा लागतो आणि हा ४.३ मीटरचा फरक कोठे तरी पचवावा लागतो.

सुरुवातीच्या गाड्यांत तो पचवण्याची सोयच नव्हती. जपानच्या ईशान्य भागात तोहोकू नावाचा बर्फाळ प्रदेश आहे. तेथील वीज कंपनीला डोंगरातल्या विजेच्या तारांची देखभाल करणाऱ्या माणसांसाठी, जीपपेक्षा आरामशीर पण बर्फात चालणारी गाडी हवी होती. त्या मागणीतून सुबारू कंपनीने १९७२ साली लिओन ही चारही चाकांना शक्ती देणारी वॅगन बाजारात आणली. तिच्यात एक दांडी होती. बर्फ आला की दांडी ओढून मागची चाके जोडायची आणि कोरडा रस्ता लागला की सोडायची. बर्फावर चाके थोडी घसरू शकतात, म्हणून तेथे फरक आपोआप पचतो. कोरड्या डांबरावर मात्र जोडलेली गाडी वळवली, तर ती अडखळते आणि आतल्या यंत्रावर ताण येतो.

दांडी ओढण्याचे हे काम चालकावर न सोपवता गाडीनेच करावे, अशी सोय पुढे झाली. १९८० च्या मॉडेलची अमेरिकन ‘एएमसी ईगल’ आणि १९८० सालीच आलेली जर्मन ‘आउडी क्वाट्रो’ या गाड्यांत पुढच्या व मागच्या आसांमध्ये फरक पचवणारी आणखी एक यंत्रणा होती. त्यामुळे कोरड्या रस्त्यावरही चारही चाकांना शक्ती देता येऊ लागली. १९९६ साली सुबारूने अमेरिकेत विकायच्या आपल्या सर्वच मोटारींना ही सोय दिली आणि ती सामान्य कुटुंबाच्या आटोक्यात आली.

मधली पेटी आणि तिची उष्णता

ही मधली यंत्रणा बरीच रूपे घेते. त्यांतले एक रूप समजायला सोपे आहे. एका बंद डब्यात पातळ चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. एक चकती पुढच्या बाजूची, दुसरी मागच्या बाजूची, तिसरी पुन्हा पुढच्या बाजूची, याप्रमाणे. चकत्यांच्या फटींत सिलिकोनचे घट्ट, चिकट तेल भरलेले असते. दोन्ही बाजू सारख्या वेगाने फिरत असतील, तर तेल निवांत असते. एक बाजू दुसरीपेक्षा फार वेगाने फिरू लागली, म्हणजे एखादे चाक बर्फात गरगरू लागले, की चकत्यांमधले तेल ओढले जाते, विरोध करते आणि दोन्ही बाजूंना जवळपास एकत्र बांधते. काकवीच्या भांड्यात चमचा जोराने फिरवला तर भांडेही हाताबरोबर फिरू लागते, तसेच हे.

पण विरोध आला की उष्णता आली. हातावर हात घासून पाहा. वळण घेताना ही उष्णता थोडा वेळ निर्माण होते, वळण संपल्यावर निवून जाते. यंत्र त्यासाठीच बनवलेले असते.

आधुनिक गाड्यांत अशा डब्याऐवजी पुष्कळदा विजेच्या नियंत्रणाने आवळली-सोडली जाणारी चकत्यांची जोडणी, म्हणजे क्लच, असतो. चाकांच्या वेगांतील फरक संगणक मोजतो आणि क्लच किती आवळायचा ते ठरवतो. रूप बदलले तरी काम तेच आहे: थोड्या वेळचा फरक पचवणे.

मग हा फरक कधीच संपला नाही, तर?

टायरचा हिशोब

आता व्हरमाँटच्या एखाद्या वळणावळणाच्या रस्त्यावर चला. आपल्या वॅगनचे टायर अर्धे झिजलेले आहेत. नव्या टायरच्या नक्षीची खोली सुमारे ८ मि.मी. असते, हिच्या टायरांची ५ मि.मी. उरली आहे. कडेच्या धारदार दगडाने एका टायरची बगल कापली गेली. तळव्यात खिळा घुसला असता तर पंक्चर काढून भागले असते, पण बगलेची दुरुस्ती सुरक्षित नसते. टायर बदलायलाच हवा. मालक म्हणतो, “एक नवा टायर घालून द्या.” साध्या हिशोबाने त्याचे बरोबर आहे.

पण परीघ काढा. नव्या टायरचा व्यास ७२४ मि.मी. आहे. त्याचा परीघ सुमारे २,२७४ मि.मी. जुन्या टायरची त्रिज्या ३ मि.मी. ने कमी, म्हणून त्याचा परीघ २ × ३.१४ × ३, म्हणजे जवळजवळ १९ मि.मी. ने कमी, सुमारे २,२५५ मि.मी. बोटभरही फरक नाही!

आता किलोमीटरचा विचार करा. नवा टायर एका किलोमीटरमध्ये सुमारे ४४० फेरे घेतो, तर जुना सुमारे ४४३.५. जुन्याला दर किलोमीटरला साडेतीनाहून थोडे जास्त फेरे घ्यावे लागतात. नवा टायर पुढे बसवला, तर पुढच्या आसाची सरासरी आणि मागच्या आसाची सरासरी यांत याच्या निम्मा, म्हणजे सुमारे १.८४ फेऱ्यांचा फरक पडतो.

आता मागचे वळणाचे गणित आठवा. पूर्ण वर्तुळ घेताना पुढच्या व मागच्या आसांत ४.३ मीटरचा फरक होता. त्याला २.२७४ ने भागा. उत्तर येते सुमारे १.९ फेरे!

म्हणजे काय झाले, पाहा. एकच नवा टायर बसवलेली ही गाडी सरळ रस्त्यावर दर किलोमीटर धावते, तेव्हा तिच्या मधल्या यंत्रणेला एक पूर्ण गरकी मारल्याइतका फरक पचवावा लागतो. चालक सरळ चालला आहे. यंत्रणेच्या दृष्टीने मात्र गाडी गोल गोल फिरते आहे. वर्षाला २०,००० कि.मी. धावणाऱ्या गाडीला अशा सुमारे २०,००० गरक्या होतील. खरे वळण संपते, हे वळण संपत नाही. पेल्याचा प्रयोग आठवला ना?

या न संपणाऱ्या फरकाने चिकट तेलाच्या डब्यात सतत थोडी थोडी उष्णता निर्माण होते. काही काळाने तेलाचे गुण बिघडतात आणि डबा कायमचा आवळून बसू शकतो. क्लचच्या गाडीत चकत्या झिजतात. संगणकाच्या गाडीत संगणक फसतो. चाक घसरत आहे असे समजून तो क्लच आवळत राहतो. बिघाडाची खूण ओळखायला सोपी आहे. कोरड्या मैदानात, स्टिअरिंग पूर्ण वळवून, गाडी सावकाश गोल फिरवली की ती झटके देते, कोणी मागून धरून ठेवल्यासारखी अडखळते.

म्हणूनच सुबारूच्या सूचनांत चारही टायरांच्या परिघांत पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६.४ मि.मी. पेक्षा जास्त फरक नसावा, असे सांगितलेले असते. त्याला २ × ३.१४ ने भागा. नक्षीच्या खोलीत फक्त १ मि.मी. चा फरक! इतर उत्पादकांच्या मर्यादा थोड्या वेगळ्या असतात, पण त्याही काही मिलिमीटरच्याच असतात.

तासण्याचा शहाणपणा

आता पैशांचा हिशोब मांडू. हिशोबापुरती एका टायरची किंमत १५० डॉलर धरा. टायरची नक्षी १.६ मि.मी. उरली की तो बाद करायचा, असा नियम अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आहे. म्हणजे ८ पैकी वापरण्याजोगे रबर ६.४ मि.मी. आपल्या गाडीच्या जुन्या टायरांत त्यातले ३.४ मि.मी. शिल्लक आहे.

पहिला मार्ग: एकच नवा टायर घालणे. खर्च १५० डॉलर. पण मधली यंत्रणा बिघडली, तर तिच्या दुरुस्तीचा खर्च याच्या कित्येक पट.

दुसरा मार्ग: चारही टायर नवे घेणे. खर्च ६०० डॉलर. यंत्रणा सुरक्षित राहते, पण तीन चांगले टायर फुकट जातात. प्रत्येकात उरलेल्या रबराची किंमत सुमारे ८० डॉलर. तिघांचे मिळून २४० डॉलर वाया.

तिसरा मार्ग: एक नवा टायर घेऊन, त्याचे ३ मि.मी. रबर तासून तो इतरांच्या जोडीचा करणे. वाया गेलेल्या रबराची किंमत सुमारे ७० डॉलर, शिवाय तासण्याची मजुरी. तरीही २४० डॉलरच्या मानाने हा मार्ग स्वस्त.

आता वेडा कोण आणि शहाणा कोण, ते तुम्हीच ठरवा! मात्र जुने टायर जवळजवळ संपलेले असतील, तर उत्तर बदलते. तेव्हा चारही नवे घेणेच बरे. कितव्या मिलिमीटरपाशी हा बदल होतो, हे मजुरीचा एखादा आकडा धरून तुम्ही काढू शकाल.

यापेक्षाही स्वस्त असा एक चौथा मार्ग आहे: फरक पडूच न देणे. पुढच्या चाकांवर इंजिनाचे वजन असते आणि वळवण्याचे कामही तीच करतात, म्हणून पुढचे टायर लवकर झिजतात. मालकाने हे वर्षभर दुर्लक्षिले आणि पुढचे दोन्ही टायर मागच्यांपेक्षा २ मि.मी. जास्त झिजले, तर आसांच्या सरासरीतला फरक आपल्या फुटक्या टायरच्या उदाहरणापेक्षाही मोठा होतो. दगड नाही, अपघात नाही, नुसती हेळसांड! म्हणून सुमारे दर १०,००० कि.मी. ला पुढचे टायर मागे व मागचे पुढे करतात. या कामाला अर्धा तास पुरतो. टायरांतली हवाही महिन्याला तपासतात, कारण हवा कमी झालेला टायर किंचित लहान चाकासारखा वागतो. काही मोटारींतला संगणक तर चाकांचे फेरे मोजूनच कोणत्या टायरात हवा कमी आहे, ते ओळखतो. आपलेच गणित तो क्षणोक्षणी करत असतो.

बाकीचा खर्च

अशा गाडीच्या वहीत आणखी कोणत्या रकमा असतात?

पहिली इंधनाची. मधली यंत्रणा, लांब दांडा आणि मागची डिफरन्शियलची पेटी यांचे वजन सतत वाहावे लागते आणि त्यांतल्या घर्षणालाही इंधन लागते. साधी गाडी एका गॅलनला २८ मैल आणि तीच ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी २६ मैल जाते, असे धरा. वर्षाला १२,००० मैल चालवल्यास फरक सुमारे ३३ गॅलनचा, म्हणजे १२५ लिटरचा पडतो. उन्हाळ्यात, जेव्हा चार चाकांच्या शक्तीची काही गरज नसते, तेव्हाही हा खर्च चालूच राहतो.

दुसरी वंगणाची. इंजिनाचे तेल सर्वच मोटारींना बदलावे लागते. पण येथे मागच्या डिफरन्शियलच्या पेटीचे वेगळे तेल असते. तिच्यातले दाते एकमेकांवर दाबाने घासत सरकतात, म्हणून तेलात दाब सोसणारी खास रसायने मिसळलेली असतात. हे तेल लिटरभरही लागत नाही आणि पुष्कळ वर्षे टिकते. म्हणूनच ते विसरले जाते! ठरावीक अंतराला, बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत सुमारे ४८,००० कि.मी. ला, ते तपासायचे असते. काळे पडले असेल किंवा त्यात धातूचे कण दिसले, तर ते यंत्राचे गाऱ्हाणे समजावे.

तिसरी मिठाची. बर्फाळ मुलखात रस्त्यावर मीठ टाकतात, कारण खारे पाणी शून्य अंशाखालीही गोठत नाही. पण तेच खारे पाणी विजेचे चांगले वाहक असते आणि पोलाद गंजण्याची विद्युत्-रासायनिक क्रिया वेगाने घडवते. ही गाडी हिवाळ्यात घरी बसत नाही, म्हणून तिच्या पोटाला मीठ जास्त लागते. ब्रेकच्या नळ्या, सांगाडा, स्प्रिंगांच्या बैठका गंजतात. यावर उपाय साधा: वरून चकचकीत पुसण्याऐवजी गाडीचे पोट पाण्याच्या फवाऱ्याने धुणे. येथे आणखी एक गंमत आहे. मिठाने माखलेली ओली गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवली, तर ती थंडीत उभी राहिलेल्या गाडीपेक्षा लवकर गंजते. रासायनिक क्रियेचा वेग तापमानाबरोबर वाढतो, हे तुम्ही शिकलाच आहात.

चौथी ओढून नेण्याची. बंद पडलेल्या साध्या गाडीची पुढची चाके उचलून ती ओढून नेता येते. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीची दोन चाके उचलली आणि दोन रस्त्यावर फिरू दिली, तर मधल्या यंत्रणेत केवढा फरक पडेल, याची कल्पना करा. पुढे शून्य फेरे आणि मागे किलोमीटरला चारशे चाळीस! म्हणून ती सपाट ट्रकवर चढवूनच नेतात. लहान आकाराचे तात्पुरते जादा चाक लावतानाही तीच अडचण येते. सुबारूच्या काही जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत यासाठी एक खास जागा ठेवलेली असे. तेथे फ्यूज खोचला की मागच्या चाकांची शक्ती बंद होई आणि छोट्या चाकावर गाडी दुकानापर्यंत नेता येई.

पाचवी रक्कम डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे घसारा. गाडी जुनी होत जाते तशी तिची विक्रीची किंमत उतरते, आणि नव्या गाडीच्या पहिल्या काही वर्षांत बहुधा हाच सर्वांत मोठा खर्च असतो. कोणी त्याचे बिल पाठवत नाही, म्हणून तो वहीत लिहिला जात नाही. पण वर टायरांच्या फेरबदलाची, तेलाची, धुलाईची जी नोंद सांगितली, ती तारखेनिशी ठेवलेली असेल, तर जुनी गाडी घेणारा चार पैसे जास्त देतो. घसारा थांबवता येत नाही, पण वहीने तो थोडा कमी करता येतो.

या पैशांत मिळते काय?

एवढा खर्च करून मालकाला मिळते काय, हे भौतिकशास्त्राला विचारू. चाक गाडीला पुढे ढकलते ते घर्षणाच्या जोरावर. दाबलेल्या बर्फावर घर्षणांक सुमारे ०.२ धरा. दोन चाकांवर गाडीचे निम्मे वजन असेल, तर त्यांना वजनाच्या फक्त एक-दशांशाइतके बल लावता येते. म्हणजे १० मीटरला १ मीटर चढणारा चढ ही तिची मर्यादा. चारही चाके कामाला लावली, तर सगळे वजन उपयोगी पडते आणि ५ मीटरला १ मीटर असा दुप्पट चढ चढता येतो. डोंगरावरच्या घरी पोहोचणे आणि खालीच अडकणे यांत एवढाच फरक असतो. रात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे असेल, तर तो फार मोठा आहे.

पण थांबताना? ब्रेक तर प्रत्येक मोटारीला चारही चाकांवर असतात. तेथे ही महागडी यंत्रणा काहीच मदत करत नाही. ताशी ५० कि.मी. वेगाची गाडी थांबायला, ०.७ घर्षणांकाच्या कोरड्या रस्त्यावर सुमारे १४ मीटर लागतात, तर ०.२ घर्षणांकाच्या बर्फावर सुमारे ४९ मीटर. गाडी कोणतीही असो, आकडा तोच. धोका असा की, चारही चाकांच्या जोरावर गाडी बर्फातही झपकन वेग घेते, चालकाला रस्ता चांगला असल्याचा भास होतो आणि खरे काय ते ब्रेक दाबल्यावरच कळते.

थांबण्याचे अंतर कमी करायचे, तर घर्षणांकच वाढवावा लागतो, आणि तो टायरच्या रबरात असतो. हिवाळी टायरांचे रबर कडक थंडीतही मऊ राहते आणि त्यांच्या नक्षीतल्या बारीक चिरा बर्फाला धरतात. ते चढायला, वळायला आणि थांबायला, तिन्हींना उपयोगी पडतात. म्हणून सपाट भागातल्या कुटुंबाला साधी गाडी आणि हिवाळी टायरांचा एक संच पुरतो. चढावर राहणाऱ्या कुटुंबाला दोन्ही लागतात. तेव्हा गाडी घेताना पहिला प्रश्न ‘हिची किंमत काय?’ असा नसावा. ‘माझ्या घरापर्यंतचा चढ किती?’ असा असावा.

तुमच्यासाठी

आता एक प्रयोग. सायकलच्या मागच्या चाकाला खडूने खूण करा. टायरांत हवा पक्की भरा, शाळेच्या मैदानावर चाकाचे दहा फेरे होईपर्यंत सायकल सरळ हातात धरून चालवा आणि अंतर मोजा. मग हवा निम्मी काढा, कोणाला तरी सायकलवर बसवा आणि पुन्हा तसेच मोजा. दोन्ही अंतरांत किती फरक पडला? त्यावरून दर किलोमीटरला किती फेरे वाढतील? शिक्षकांना हा प्रयोग परिघाच्या पाठाबरोबर वर्गातच घेता येईल. मोजण्यातली चूक फरकाएवढीच मोठी असू शकते, म्हणून तो तीनदा करून सरासरी घ्यावी.

आणि पुन्हा कधी एखादा माणूस नवा टायर तासून घेताना दिसला किंवा त्याच्याविषयी ऐकले, तर हसू नका. तो पैसे उधळत नसतो. सरळ रस्त्यावर आपल्या गाडीला गोल गोल फिरावे लागू नये, एवढीच त्याची इच्छा असते.